कन्स्ट्रक्शन आणि प्रोजेक्ट मॅनेजमेंटमध्ये सध्या नेमका काय रिसर्च चाललाय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी आधी साइटवर प्लॅनिंगचं काम केलं, मग रिसर्चकडे वळलो, त्यामुळे दोन्हीकडची माणसं मला प्रश्न विचारतात. साइटवाले विचारतात की या पेपरांचा आम्हाला उपयोग काय, आणि कॉलेजातली मुलं विचारतात की सर, विषय कुठला घेऊ. तेच तेच प्रश्न परत परत येतात म्हणून एका जागी उत्तरं लिहून ठेवतोय. काही उत्तरं लांब आहेत कारण तिथे सांगण्यासारखं खरंच खूप आहे.

सिव्हिलमध्ये स्ट्रक्चर, जिओटेक वगैरे असतं, मग हा वेगळा विषय कशाला?

बीम किती भार घेईल हा स्ट्रक्चरवाल्यांचा प्रश्न. तो बीम कोणी, कधी, कुठल्या क्रमाने, कुणालाही इजा न होता आणि ठरलेल्या पैशात बांधायचा हा आपला प्रश्न. ऐकायला सोपं वाटतं, पण बीमचं उत्तर गणिताने बऱ्यापैकी पक्कं मिळतं आणि दुसऱ्या प्रश्नात माणसं, करार, पाऊस, उशिरा आलेलं ड्रॉइंग असं सगळं एकदम येतं. म्हणून इथे रिसर्चच्या पद्धतीही मिसळलेल्या असतात, कोणी सिम्युलेशन करतं, कोणी कॅमेरा लावतं, कोणी महिनाभर साइटवर बसून फक्त निरीक्षण करतं.

या क्षेत्राची प्रॉडक्टिव्हिटी वाढतच नाही म्हणतात, खरं आहे का?

बऱ्याच अंशी खरं आहे. मॅकिन्झी ग्लोबल इन्स्टिट्यूटचा २०१७ चा रिपोर्ट सगळे दाखवतात, त्यात जगभरात कन्स्ट्रक्शनमधली दर कामगारामागची उत्पादकता आधीच्या वीस वर्षांत वर्षाला फक्त १ टक्क्याच्या आसपास वाढली, त्याच काळात मॅन्युफॅक्चरिंगची ३.६ टक्के आणि एकूण अर्थव्यवस्थेची २.८ टक्के. अमेरिकेपुरतं बोलायचं तर गूल्सबी आणि सिव्हरसन या दोन अर्थतज्ज्ञांनी २०२३ मध्ये पेपर काढला, त्यांच्या हिशोबाने तिथल्या कन्स्ट्रक्शनमध्ये दर कामगारामागचं मूल्यवर्धन (कामातून तयार झालेलं जास्तीचं मूल्य) २०२० मध्ये १९७० पेक्षा सुमारे ४० टक्के कमी होतं. म्हणजे पन्नास वर्षांत क्रेन सुधारल्या, पंप आले, कॉम्प्युटर आले आणि आकडा खाली गेला.

यावर वाद आहेत. आजची इमारत पन्नास वर्षांपूर्वीच्या इमारतीसारखी नाही, त्यात एसी, फायर सिस्टिम, इन्सुलेशन, केबलिंग कितीतरी जास्त असतं, शिवाय फॅक्टरीत बनून आलेल्या वस्तूंची उत्पादकता मॅन्युफॅक्चरिंगच्या खात्यात मोजली जाते, कन्स्ट्रक्शनच्या नाही. हे मुद्दे बरोबर आहेत, पण गूल्सबी-सिव्हरसननी मोजमापाच्या चुकांची शक्यताही तपासली आणि सगळी घसरण त्यातून समजावता येत नाही असंच त्यांचं म्हणणं आहे.

मग काम हळू का होतं? कामगार हळू काम करतात का?

नाही. आणि हे मला अगदी ठासून सांगायचंय, कारण अख्ख्या विषयाचं मूळ इथे आहे. कामगार हातात काम असताना हळू नसतो, काम त्याच्यापर्यंत पोचलेलं नसतं.

लॉरी कोस्केला या फिनिश संशोधकाने १९९२ मध्ये स्टॅनफर्डमध्ये असताना एक रिपोर्ट लिहिला, लीन कन्स्ट्रक्शनची (वाट बघणं आणि वाया जाणं कमी करून काम सलग चालवण्याच्या विचाराची) सुरुवात तिथून धरतात. पुढे त्याने मांडलं की साइटवरचं कुठलंही काम सुरू व्हायला सात गोष्टी एकाच वेळी तयार लागतात: ड्रॉइंग किंवा माहिती, माल, माणसं, मशिनरी, जागा, आधीचं काम पूर्ण झालेलं असणं, आणि हवामान-परवानग्यांसारख्या बाहेरच्या गोष्टी. आता समजा प्रत्येक गोष्ट वेळेवर मिळण्याची खात्री ९५ टक्के आहे. कुठलाही मॅनेजर म्हणेल की ९५ म्हणजे उत्तम. पण सातही एकत्र मिळायची शक्यता काढायला ०.९५ ला सात वेळा गुणा, उत्तर येतं साधारण ७० टक्के. म्हणजे सगळं उत्तम चाललेलं असूनही दहातली तीन कामं अडतात, आणि यात कोणाचीच मोठी चूक नसते.

पुढची पायरी अजून महत्त्वाची. टॉमेलीन, रायली आणि हॉवेल यांनी ९० च्या दशकात फाशांचा एक खेळ पुढे आणला, त्यात एकामागे एक येणाऱ्या गँग, म्हणजे कामगारांच्या टोळ्या असतात, जसं शटरिंग, मग सळई, मग काँक्रीट. प्रत्येक गँग दर आठवड्याला किती काम पुढे देणार ते फाशावर ठरतं. एका फाशावर फक्त ४ आणि ६ आहेत, दुसऱ्यावर १ आणि ९. दोघांची सरासरी ५ च. तरी १ आणि ९ वाल्या फाशाने तेच काम संपायला बराच जास्त वेळ लागतो, कारण मागच्याने १ च दिलं तर पुढच्याला ९ पडूनही करायला काही नसतं, त्याची ती ताकद वाया जाते आणि परत मिळत नाही. वेग तोच, फक्त चढउतार जास्त आणि प्रोजेक्ट लेट. मी हा खेळ मुकादम मंडळींबरोबर खेळून बघितलाय, सॉफ्टवेअरच्या तीन दिवसांच्या ट्रेनिंगमध्ये जे पोचत नाही ते अर्ध्या तासात पोचतं.

ग्लेन बॅलर्डने याच विचारावर लास्ट प्लॅनर नावाची पद्धत उभी केली. शेवटचा प्लॅनर म्हणजे जो माणूस प्रत्यक्ष गँगला उद्याचं काम सांगतो तो, आणि त्याने जे खरंच करता येईल तेवढंच कबूल करायचं. आठवड्याला जेवढी कामं कबूल केली त्यातली किती पूर्ण झाली याची टक्केवारी काढतात, तिला पीपीसी म्हणतात. बॅलर्ड आणि हॉवेलच्या सुरुवातीच्या अभ्यासात सरासरी ५४ टक्के आली होती. म्हणजे सोमवारी ठरवलेल्या कामातलं जवळपास अर्धं आठवड्याअखेर झालेलंच नाही, आणि या साइट वाईट नव्हत्या, नेहमीसारख्याच होत्या.

टॅक्ट प्लॅनिंग सगळीकडे ऐकू येतं, ते काय आहे?

इमारतीचे साधारण सारख्या कामाचे तुकडे करायचे, प्रत्येक गँगला प्रत्येक तुकड्यात सारखाच वेळ द्यायचा, आणि सगळ्यांनी रेल्वेच्या डब्यांसारखं एकामागे एक पुढे सरकायचं. कल्पना जुनी आहे, लाइन ऑफ बॅलन्स ही जुनी शेड्यूलची पद्धत तिचंच भावंड. सध्याचा रिसर्च तुकडे किती लहान करायचे, एक डबा अडला तर मागच्यांचं काय करायचं, बफर (राखीव सोय) वेळेत ठेवायचा की माणसांमध्ये, या गोष्टींवर चालू आहे. फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात कामगारांजवळ छोटे ब्लूटूथ बीकन देऊन ते कामाच्या जागी सलग किती वेळ असतात हे मोजलं गेलं. अशी मोजणी बघितली की हातातली हत्यारं सुधारण्याआधी शोधाशोध आणि ये-जा कमी करावी हे लगेच पटतं.

सीपीएम आता जुनं झालं का?

सीपीएम म्हणजे क्रिटिकल पाथ मेथड, एकमेकांवर अवलंबून असलेल्या कामांची सगळ्यात लांब साखळी (क्रिटिकल पाथ) काढून प्रोजेक्टला किती वेळ लागेल ते ठरवायची पद्धत. जुनं आहे पण गेलेलं नाही. १९५७ च्या सुमारास ड्यूपाँट आणि रेमिंग्टन रँडमध्ये वॉकर आणि केली यांनी ते तयार केलं, पर्ट हे त्याच्यासारखंच तंत्र १९५८ चं, अमेरिकन नौदलाच्या पोलॅरिस प्रोग्रामसाठी. आज कराराच्या भांडणात, उशीर कोणामुळे झाला हे ठरवताना, सीपीएम शेड्यूलच पुढे येतं. अडचण अशी की प्रत्येक कामाला एकच कालावधी लिहिला की अनिश्चितता दिसेनाशी होते. दहा वेगवेगळ्या साखळ्या एका टप्प्यावर येऊन मिळत असतील आणि प्रत्येक वेळेवर यायची शक्यता ८० टक्के असेल, तर तो टप्पा वेळेवर गाठायची शक्यता फक्त ११ टक्क्यांच्या आसपास उरते (साखळ्या एकमेकींवर अवलंबून नाहीत असं धरून). क्रिटिकल पाथवर एकच लाल रेघ बघणाऱ्याला हे दिसत नाही. म्हणून माँटे कार्लो सिम्युलेशन (कालावधी बदलून बदलून कॉम्प्युटरवर हजारो वेळा प्रोजेक्ट चालवून बघणं), म्हणून शेड्यूल रिस्कवरचे एवढे पेपर.

मोठे प्रोजेक्ट हमखास बजेटच्या बाहेर का जातात? इंजिनिअर खोटं बोलतात का?

हा आपल्या क्षेत्रातला सगळ्यात गाजलेला वाद आहे. बेंट फ्लिव्ह्बिया आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये २० देशांमधल्या २५८ रस्ते, रेल्वे, पूल, बोगदा प्रोजेक्टचा डेटा मांडला. दहातल्या नऊ प्रोजेक्टचा खर्च अंदाजापेक्षा वाढला होता. रेल्वेमध्ये सरासरी ४५ टक्के, पूल आणि बोगद्यांमध्ये ३४, रस्त्यांमध्ये २०. आणि सत्तर वर्षांच्या डेटात सुधारणा काहीच नाही. त्यांचं म्हणणं असं की हे साधे चुकलेले अंदाज असते तर काही वर चुकले असते काही खाली, वर्षांनुवर्षं एकाच बाजूला चुकत नसते, म्हणून एकतर माणसाचा स्वभावतः आशावाद आहे किंवा मंजुरी मिळवण्यासाठी आकडा मुद्दाम कमी दाखवला जातो.

दुसऱ्या बाजूला ऑस्ट्रेलियातले पीटर लव्ह आणि त्यांचे सहकारी. ते विचारतात, तुम्ही खर्चवाढ कुठल्या आकड्यापासून मोजताय? मंजुरीच्या वेळी प्रोजेक्ट कागदावर धूसर असतो, जमिनीखाली काय आहे माहीत नसतं, पुढे व्याप्ती बदलते, डिझाइन बदलतं, रीवर्क होतं (झालेलं काम परत करावं लागतं). करार दिल्यापासून मोजलं तर वाढ खूप कमी दिसते, आणि सगळ्यांना खोटारडं ठरवून काहीच सुधारणार नाही. माझं मत विचाराल तर दोघं वेगवेगळ्या काळाबद्दल बोलतायत. मंजुरीच्या आधी फ्लिव्ह्बियाचं ऐका आणि काम सुरू झाल्यावर लव्हचं. सिडनी ऑपेरा हाउसचं उदाहरण सगळे देतात, ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा अंदाज, शेवटी १० कोटी २० लाख, पूर्ण झालं १९७३ ला, ठरल्यापेक्षा दहा वर्षं उशिरा. पण तिथे छताची भूमिती सुटायच्या आधीच पायाचं काम सुरू केलं होतं, म्हणजे आशावाद आणि अपुरं डिझाइन दोन्ही एकाच इमारतीत सापडतात.

या वादातून एक चांगली गोष्ट वापरात आली, रेफरन्स क्लास फोरकास्टिंग. कानमन आणि ट्वर्स्कीच्या मानसशास्त्रातून आलेली कल्पना. आपला प्रोजेक्ट आतून तपशिलात मोजत बसण्याआधी बाहेरून बघायचं, असल्या प्रकारचे आधीचे प्रोजेक्ट किती चुकले ते काढायचं आणि आपल्या अंदाजात तेवढी वाढ आधीच धरायची. ब्रिटनच्या वाहतूक खात्यासाठी २००४ मध्ये जे मार्गदर्शन तयार झालं त्यात रेल्वे प्रोजेक्टला ५० टक्के खात्री हवी असेल तर अंदाज ४० टक्क्यांनी वाढवा आणि ८० टक्के खात्री हवी असेल तर ५७ टक्क्यांनी, असे आकडे होते. एवढी वाढ धरून तुमचा प्रोजेक्ट मंजूर होईल का, हा खरा अवघड प्रश्न आहे आणि त्यावर रिसर्च कमीच झालाय.

एआयमुळे प्लॅनिंग इंजिनिअरची नोकरी जाईल का?

लगेच नाही, आणि जाईल तेव्हाही तुम्हाला वाटतो तो भाग जाणार नाही.

एआयचे तीन वेगळे प्रवाह आहेत आणि लोक ते एकत्र करतात. पहिला कॉम्प्युटर व्हिजन. साइटचे फोटो किंवा ३६० डिग्री व्हिडिओ घेऊन ते इमारतीच्या कॉम्प्युटर मॉडेलशी जुळवायचे आणि किती काम झालं ते काढायचं, यावर मणी गोल्परवर-फर्द यांच्यासारख्या संशोधकांनी दहा-पंधरा वर्षांहून जास्त काम केलंय आणि हे आता बाजारात आलेलं आहे. हेल्मेट घातलंय का, कोणी क्रेनखाली उभं आहे का हेही ओळखता येतं. ढोबळ वस्तू नीट ओळखल्या जातात, पण स्लॅबखालचा सपोर्ट घट्ट बसलाय की नुसता टेकवलाय हे फोटोवरून सांगणं अजून अवघड आहे.

दुसरा प्रवाह भाकीत करण्याचा, खर्च किती वाढेल, प्रोजेक्ट लेट होईल का. इथे पेपर वाचताना फार काळजी घ्या. समजा शंभर प्रोजेक्टमध्ये ८५ लेट झालेले आहेत. काहीही न शिकता प्रत्येक वेळी 'लेट होणार' म्हणणारं मॉडेलसुद्धा ८५ टक्के अचूक ठरतं. म्हणून ९० टक्के ॲक्युरसी वाचून भारावून जाऊ नका, आधी डेटा किती प्रोजेक्टचा होता, एकाच कंपनीचा होता का, आणि प्रोजेक्ट संपल्यावरच कळणारी माहिती सुरुवातीलाच मॉडेलला दिली नव्हती ना, हे बघा. ही शेवटची चूक मी रिव्ह्यूला आलेल्या पेपरांमध्ये अनेकदा पकडलीये आणि लिहिणाऱ्याच्या ती लक्षातच आलेली नसते.

तिसरा प्रवाह मोठ्या भाषा मॉडेलांचा. करारातली धोकादायक कलमं शोधणं, आरएफआयचं (साइटवरून डिझायनरला विचारलेल्या लेखी प्रश्नाचं) उत्तर कुठल्या ड्रॉइंगमध्ये आहे ते काढून देणं, बिल्डिंग कोडचे नियम इमारतीच्या मॉडेलवर तपासणं, मीटिंगच्या मिनिट्समधून पेंडिंग कामांची यादी. इथे उपयोग आजच होतोय, कारण साइटवरचा किती वेळ कागद शोधण्यात जातो ते सगळ्यांना माहितीये. पण हेच मॉडेल नसलेलं कलमही तेवढ्याच ठामपणे सांगतं, त्यामुळे क्लॉज नंबर स्वतः उघडून बघितल्याशिवाय पत्रात टाकायचा नाही.

शेड्यूल आपोआप तयार करणारी साधनंही आहेत, हजारो पर्याय काढून देतात. पण प्लंबिंगची गँग बुधवारी खरंच येणार का हे त्या गँगच्या मुकादमाला विचारूनच कळतं आणि तो खरं सांगेल असा तुमच्याशी संबंध असावा लागतो.

बिम आणि डिजिटल ट्विन एकच ना?

नाही. बिम म्हणजे इमारतीचं माहितीसकट कॉम्प्युटर मॉडेल, ही कल्पना चार्ल्स ईस्टमनने १९७५ मध्येच मांडली होती. आज बिमसाठी आयएफसी हा खुला फॉरमॅट आहे, माहिती कशी सांभाळायची यासाठी २०१८ पासून आयएसओ १९६५० मालिका आहे, आणि ब्रिटनने २०१६ पासून केंद्र सरकारच्या प्रोजेक्टला बिम सक्तीचं केलं. डिजिटल ट्विन म्हणायचं तर प्रत्यक्ष इमारत आणि मॉडेल यांच्यात माहिती दोन्ही दिशांना आपोआप वाहायला हवी. हाताने अपडेट होतं ते डिजिटल मॉडेल, प्रत्यक्षातून आपोआप माहिती येते पण उलट जात नाही ते डिजिटल शॅडो, आणि दोन्हीकडे जाते ते ट्विन. या फूटपट्टीवर बघितलं तर ट्विन म्हणून दाखवलेल्या बऱ्याच गोष्टी शॅडो किंवा साधं मॉडेल निघतात. ॲमस्टरडॅममध्ये २०२१ ला बसवलेला १२ मीटरचा प्रिंट केलेला स्टीलचा पादचारी पूल मात्र बघण्यासारखा होता, त्यावर सेन्सरचं जाळं बसवून त्याच्या मॉडेलशी जोडलं होतं.

थ्रीडी प्रिंटिंगने घरं स्वस्तात आणि दोन दिवसांत होतील का?

दोन दिवसांत भिंती होतात. घर म्हणजे पाया, छत, दारं-खिडक्या, वायरिंग, प्लंबिंग, फिनिशिंग, आणि भिंती हा त्यातला एक भाग, त्यामुळे भिंतींचा खर्च अर्धा झाला तरी घराचा अर्धा होत नाही.

बेहरोख खोशनेविस यांनी ९० च्या दशकात कॉन्टूर क्राफ्टिंग आणलं तेव्हापासून प्रिंटिंग बरंच पुढे गेलंय. आइंडहोव्हनमध्ये २०२१ ला प्रिंट केलेल्या घरात भाडेकरू राहायला आले, पण त्याचे २४ तुकडे फॅक्टरीत छापून मग जागेवर आणून जोडले होते. अजून सुटायचे प्रश्न दोन. एक म्हणजे दोन थरांमधला सांधा, खालचा थर फार सेट झाला तर वरचा नीट चिकटत नाही, फार ओला असेल तर वजनाने बसतो, ही वेळ साधणं हेच त्या मटेरियलचं शास्त्र आहे. दुसरा सळई, नोझल थर टाकत असताना उभी सळई मध्ये येते. शिवाय या मिक्समध्ये सिमेंट जास्त असतं, म्हणून पर्यावरणाचा दावा तपासूनच घ्या.

रोबोट कधी येणार?

आलेत, आणि बरेच आधी. जपानच्या शिमिझू कंपनीचा फायरप्रूफिंग फवारणारा रोबोट १९८३ चा आहे. त्या काळात जपानमध्ये एकेक काम करणारे खूप रोबोट बनले आणि बरेचसे टिकले नाहीत, कारण एक काम पटकन व्हायचं पण रोबोट हलवणं, सेट करणं, त्याच्यासाठी जागा मोकळी ठेवणं यात वाचलेला वेळ निघून जायचा. आजचे यशस्वी रोबोट बघा, स्लॅबवर लेआउटच्या रेघा छापणारा, मॉडेलवरून छताला ड्रिल मारणारा, पुलाच्या डेकवर सळई बांधणारा. सगळी कामं अशी आहेत की जागा सपाट, काम एकसारखं, आणि शेजारच्या गँगची वाट बघावी लागत नाही. लेआउटवाला मला सगळ्यात आवडतो, कारण चुकीच्या रेघेमुळे पुढच्या पाच गँगचं होणारं रीवर्क तो आधीच थांबवतो.

फॅक्टरीत मॉड्यूल बनवून जोडणं हे सरळ उत्तर नाही का?

कधी कधी आहे. सिंगापूरमध्ये ४० मजली निवासी टॉवर पूर्ण मॉड्यूलने उभे राहिलेत. पण न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या ३२ मजली ४६१ डीन स्ट्रीटला साधारण दोन वर्षांच्या जागी चार वर्षं लागली, मॉड्यूलची मापं एकमेकांशी जुळवणं हाच मोठा त्रास झाला. आणि कटेरा कंपनीमागे अब्जावधी डॉलरची गुंतवणूक होती, तरी २०२१ ला तिने दिवाळखोरी जाहीर केली. मॉड्यूलमध्ये काही मिलिमीटरची चूक वर वर चढत साठत जाते, डिझाइन लवकर गोठवावं लागतं, आणि फॅक्टरी चालू ठेवायला ऑर्डरचा सलग ओघ लागतो. टॉलरन्सचं (मापात किती चूक चालेल याचं) गणित आणि पुरवठा साखळी हे दोन विषय म्हणूनच सध्या तेजीत आहेत.

सेफ्टीमध्ये नवीन काय आहे? हेल्मेट-बेल्टच्या पुढे काही?

खूप आहे, आणि हा भाग नीट वाचा अशी माझी विनंती आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने एकदा अंदाज दिला होता की जगात बांधकाम साइटवर वर्षाला किमान ६०,००० माणसं अपघातात मरतात, म्हणजे साधारण दर दहा मिनिटांना एक.

आपण सेफ्टी मोजतो कशी? नोंदवलेल्या इजांचा दर, टीआरआयआर. नोंदवलेल्या इजा गुणिले २ लाख, भागिले एकूण तास. शंभर कामगार वर्षभर काम करतात तेव्हा साधारण २ लाख तास होतात. म्हणजे शंभर माणसांच्या कंपनीत कोणाच्या बोटाला टाके पडले की दर शून्यावरून थेट १ वर. पुढच्या वर्षी कोणाला काही झालं नाही की परत शून्य, आणि कंपनी म्हणणार आमची सेफ्टी सुधारली. मॅथ्यू हॅलोवेल आणि अमेरिकेतल्या कन्स्ट्रक्शन सेफ्टी रिसर्च अलायन्सने १७ वर्षांचा, ३ ट्रिलियनहून जास्त कामाच्या तासांचा डेटा तपासला, तेव्हा टीआरआयआरमधला ९६ ते ९८ टक्के चढउतार निव्वळ योगायोगाचा निघाला, आणि मृत्यूंशी त्याचा संबंध दिसला नाही. आणि या आकड्यावर आपण टेंडरसाठी कंपन्या पात्र-अपात्र ठरवतो, बोनस देतो, त्यामुळे छोटी इजा लपवायची सवय लागते ती वेगळीच.

म्हणून आता रिसर्च ऊर्जेकडे वळलाय. माणसाचा जीव जातो तो मोठ्या ऊर्जेमुळे, उंची, वजन, वीज, दाब, चालती गाडी. साइटवर फिरताना असा मोठ्या ऊर्जेचा धोका कुठे आहे आणि त्याला माणसाच्या लक्षावर अवलंबून नसलेला अडथळा आहे का, एवढंच मोजायचं. 'सावध राहा' हा बोर्ड म्हणजे अडथळा नाही, मजबूत कठडा म्हणजे अडथळा. मी ज्या साइटवर होतो तिथे आठवड्याच्या सेफ्टी मीटिंगमध्ये हेल्मेटचे आकडे वाचले जायचे आणि शाफ्टच्या तोंडावरचं प्लाय नुसतं टेकवलेलं होतं, आणि मीही दोन महिने तिथून रोज गेलो आणि ते माझ्या डोळ्यात आलं नाही. एक हेल्पर त्यावर पाय ठेवून सरकला, शटरिंगच्या पाइपला धरलं म्हणून वाचला. त्या आठवड्यातही आमचा इजेचा आकडा शून्यच होता.

दुसरा धागा डिझाइनमधूनच धोका काढण्याचा. मायकल बेमच्या २००५ च्या अभ्यासात २२४ मृत्यू तपासले होते, त्यातल्या ४२ टक्क्यांचा संबंध डिझाइनच्या वेळी घेतलेल्या निर्णयांशी लावता आला. पॅरापेट पुरेसा उंच ठेवला तर पुढे पन्नास वर्षं छतावर जाणाऱ्या प्रत्येकाला कठडा मिळतो, बेल्टचे अँकर ड्रॉइंगमध्येच दाखवले तर गँगला जागा शोधत बसावं लागत नाही. ब्रिटनमध्ये डिझायनरवर ही कायदेशीर जबाबदारी ९० च्या दशकापासून आहे.

कार्बनचा आणि प्रोजेक्ट मॅनेजमेंटचा काय संबंध? ते तर मटेरियलवाल्यांचं काम.

इमारती आणि बांधकाम मिळून जगातल्या ऊर्जा आणि प्रक्रियेशी संबंधित कार्बन डायऑक्साइडच्या साधारण ३७ टक्क्यांना जबाबदार धरले जातात, एकटं सिमेंट ७-८ टक्के. एलसी३ नावाचं सिमेंट, स्वित्झर्लंडच्या ईपीएफएल या विद्यापीठातल्या कॅरेन स्क्रिव्हनर आणि क्युबा-भारतातल्या संशोधकांनी मिळून पुढे आणलेलं, त्यात क्लिंकर (भट्टीत भाजून केलेला सिमेंटचा मुख्य घटक) निम्म्यावर आणून भाजलेली चिकणमाती आणि चुनखडी घालतात, कार्बन ४० टक्क्यांपर्यंत कमी होतो.

आता संबंध बघा. काँक्रीटमध्ये सिमेंटऐवजी फ्लाय ॲश (वीज केंद्रातली राख) किंवा स्लॅग (पोलाद कारखान्यातली मळी) जास्त घातलं की सुरुवातीची ताकद हळू येते, मग शटरिंग कधी काढायचं? एका मजल्याचं सात दिवसांचं सायकल नऊ दिवसांचं झालं तर तीस मजल्यांना दोन महिने वाढले, आणि मग प्लॅनर तो मिक्सच नाकारतो. यावर काँक्रीटच्या आतलं तापमान सेन्सरने मोजून ताकदीचा अंदाज काढतात, त्याला मॅच्युरिटी मेथड म्हणतात, पद्धत जुनी आहे पण स्वस्त वायरलेस सेन्सरमुळे आता रोजच्या वापरात येतीये. ठरावीक दिवस वाट बघण्यापेक्षा ताकद आली की शटरिंग काढायचं. मटेरियल आणि प्लॅनिंगवाल्यांनी एकत्र बसून करायचा असा विषय दुसरा नाही.

करारांवर पण रिसर्च होतो?

हो, आणि दुर्लक्षित आहे. मुख्य प्रश्न रिस्क कोणी घ्यायची. सगळी रिस्क कॉन्ट्रॅक्टरवर ढकलली की तो ती किमतीत घालतो किंवा नंतर क्लेममध्ये काढतो. लंडनच्या हीथ्रो विमानतळाच्या टर्मिनल ५ च्या वेळी मालकाने रिस्क स्वतःकडे ठेवून सगळ्यांना एका टीममध्ये आणलं, बांधकाम वेळेत आणि बजेटमध्ये झालं, २००८ ला उघडलं (उघडल्यावर सामानाचा गोंधळ झाला, तो ट्रायल आणि ट्रेनिंगचा प्रश्न होता आणि त्यावरही वेगळे अभ्यास आहेत). एनईसी या ब्रिटनमधल्या तयार नमुन्याच्या करारात अडचण दिसली की लगेच कळवायचं बंधन असतं. बाकी ब्लॉकचेनवर आपोआप पेमेंट वगैरे पेपर खूप आहेत, पण काम नीट झालंय हे कोणीतरी जागेवर जाऊन ठरवावंच लागतं.

एमटेक किंवा पीएचडीला विषय कुठला घेऊ? उशिराची कारणं हा विषय चालेल?

कृपा करून नको. असाफ आणि अल-हेज्जी यांनी २००६ मध्ये सौदी अरेबियातल्या प्रोजेक्टवर ७३ कारणांचा अभ्यास केला, तो चांगला होता आणि खूप गाजला. त्यानंतर तीच प्रश्नावली, देश बदलून, इंडेक्स काढून, शेकडो वेळा झालीये. पहिल्या पाचात पेमेंट, डिझाइन बदल आणि खराब प्लॅनिंग फिरून फिरून येतात. प्रश्नावली माणसाला काय वाटतं ते सांगते, साइटवर काय घडलं ते नाही.

त्याऐवजी एक साइट निवडा, एक गँग निवडा, आणि सहा आठवडे रोज लिहा की ठरलेलं काम झालं का आणि नाही झालं तर त्या सात गोष्टींपैकी काय नव्हतं. डेटा छोटा असेल पण तुमचा असेल. मग त्यावर सिम्युलेशन करा, एखादा बदल करून परत मोजा. परवानगी आधी घ्या, कामगारांना स्पष्ट सांगा की हे त्यांच्यावर नजर ठेवायला नाही, आणि नावं लिहू नका. बीकन किंवा कॅमेरा वापरणार असाल तर हे दुप्पट लागू.

वाचायला कुठून सुरू करू?

एएससीई या अमेरिकन सिव्हिल इंजिनिअरांच्या संस्थेचं जर्नल ऑफ कन्स्ट्रक्शन इंजिनिअरिंग अँड मॅनेजमेंट, टेक्नॉलॉजीसाठी ऑटोमेशन इन कन्स्ट्रक्शन, माणसं आणि संस्थांबद्दल कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंट अँड इकॉनॉमिक्स. लीनसाठी आयजीएलसी या १९९३ पासून भरणाऱ्या परिषदेचे पेपर मोफत मिळतात, आणि ते लहान असतात, नोकरी करणाऱ्याला एका बैठकीत एक संपतो. पेपर हातात आला की आधी मेथडचा भाग वाचा, डेटा कुठून आला ते बघा, मग निष्कर्ष.